बिवलकर सरांचा उंचवटा

"कोण हललं?"

बिवलकर सर हा प्रश्न दिवसातून अनेकदा विचारायचे आणि उत्तर द्यायला खोलीत मी एकटीच असायचे. मिट्ट अंधारात, स्टुलावर, चपला दाराबाहेर, हात मांडीवर, बांगड्यांना रुमाल गुंडाळलेला. मी म्हणायचे, "कोणी नाही, सर." ते समजुतीच्या सुरात म्हणायचे, "मतलब, कोणीतरी हललं." दोघांपैकी सर हललेले नसणार हे धरूनच चालायचं. मग उरलं कोण, हे सांगायला पदार्थविज्ञान लागत नाही.

ही खोली जयपुरातल्या एका विद्यापीठाच्या तळघरात होती. सर मूळचे चिपळूणचे, पण निम्म्याहून जास्त आयुष्य इथे गेलेलं. त्यामुळे बोलताना कोकणातलं "गो" आणि इथलं "मतलब" एकाच वाक्यात सुखानं नांदायचं. मी साताऱ्याची. आमचे हे फौजेत सुभेदार. पठाणकोट, झाशी, जयपूर असं करत करत माझी एम.एस्सी.ची पदवी ट्रंकेतून सगळा देश हिंडली होती. इथे कंत्राटी तांत्रिक सहायक म्हणून नोकरी मिळाली तेव्हा मला वाटलं, चला, पदवी एकदाची ट्रंकेतून बाहेर आली. ती बाहेर आली, पण अंधारात बसली.

सरांचं काम समजायला अवघड नाही. सर समजावून सांगायला लागले की अवघड व्हायचं. मी माझ्या शब्दांत सांगते. जगातली कुठलीही वस्तू घ्या, तिच्यातले अणू जागच्या जागी थरथरत असतात. तिच्यावर लेसरचा झोत टाकला की बहुतेक प्रकाश जसा गेला तसाच परत येतो. पण त्यातला अगदी कणभर प्रकाश त्या थरथरीला काहीतरी देऊन, स्वतःचा रंग किंचित बदलून परत येतो. तो बदललेला रंग पकडायचा आणि त्यावरून आतली थरथर ओळखायची. संगणकाच्या पडद्यावर एक आडवी रेघ उमटते आणि थरथर असेल तिथे तिला शिखर येतं. हे शिखर प्रत्येक पदार्थाचं वेगळं, आपल्या आवाजासारखं.

सरांचा पदार्थ म्हणजे लाल काच. साधीसुधी नव्हे. वितळलेल्या काचेत कॅडमियमचं संयुग घालून ती भट्टीत हळूहळू तापवत ठेवली की आत त्याचे स्फटिक धरायला लागतात. हे कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचे नाहीत. कण वाढतील तशी काच पिवळी, मग नारिंगी, मग लाल होते. आमच्या विभागाची भट्टी जळून गेली तेव्हापासून सर स्कूटरच्या डिकीत काचा घालून मुरलीपुऱ्यातल्या एका कारखान्यात जायचे. तिथे यंत्रांची दातेरी चाकं तापवून कडक करत. त्या चाकांच्या शेजारी आमची काच भाजायला बसायची आणि सर तिच्याशेजारी. कारखान्याचा मालक त्यांना चहा पाजायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा की मास्टरजी रत्नं पिकवतात.

तर या लाल काचेच्या शिखराला, डाव्या अंगाला, एक बारकासा उंचवटा होता. मोठ्या शिखराला टेकून उभं राहिलेलं लहान पोर जसं. सरांच्या मते तो उंचवटा म्हणजे त्या बारीक स्फटिकांच्या कातडीची थरथर. "आतले अणू आपल्याआपल्यात हलतात, जाधवबाई. पण जो काठावर आहे ना, त्याला बाहेरच्याशी जमवून घ्यावं लागतं. तो वेगळा हलतो. मतलब, आपल्यासारखं. चिपळुणात असतो तर मी असा हललो असतो का?" असं म्हणून ते स्वतःवरच खूष व्हायचे. हा उंचवटा गेली काही वर्षं सरांचा जीव की प्राण होता. त्यावर त्यांनी एक शोधनिबंध लिहिला होता आणि निवृत्तीआधी तो छापून यावा एवढी एकच त्यांची इच्छा उरली होती.

निवृत्ती महिन्याच्या अखेरीला होती. त्यानंतर खोली जाणार होती. विभागप्रमुख राठौड़जींना तिथे संगणक मांडायचे होते. माणूस वाईट नव्हता, जाता-येता दारातून खोलीची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजायचा इतकंच.

उंचवट्याला सगळ्याचं वावडं. निदान सरांचं मत तसं होतं. पंखा लावायचा नाही, कारण टेबल हलतं. ट्यूबलाइट नाही, कारण प्रकाश शिरतो. शिंकायचं नाही. मे महिन्यात जयपुरात पंख्याशिवाय तळघरात बसून बघा म्हणजे मी कशातून गेले ते कळेल. एअर कंडिशनर होता, पण तो फक्त यंत्राच्या बाजूला वारा टाकायचा. यंत्र गार, मी घामाघूम. कधीकधी पडद्यावरच्या रेघेत मध्येच एक सुईसारखा काटा उभा राहायचा. हा काटा अंतराळातून आलेल्या किरणांमुळे पडतो, त्यावर पृथ्वीवर कुणाचा इलाज नाही, हे सरांनीच मला शिकवलेलं. तरी काटा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला. "कोण हललं?"

बाहेरच्या जगालाही त्यांनी हा नियम लावून पाहिला होता. कँटीनमध्ये शेजारचा माणूस पाय हलवत बसला की सर त्याच्या गुडघ्यावर अलगद हात ठेवायचे. एकदा लग्नसराईत विद्यापीठाच्या भिंतीलगत बारात आली. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला आमचं टेबल उसळत होतं. सर तसेच अनवाणी वर गेले आणि बारातीसमोर हात जोडून उभे राहिले. "भैया, बस दस मिनट. कण छोटे हैं." बारातवाल्यांना वाटलं, मुलीकडचे कुणी वडीलधारे सामोरे आले आहेत. त्यांनी सरांना साफा बांधला, तोंडात लाडू कोंबला आणि घोड्यापुढे नाचायला उभं केलं. सर खाली आले तेव्हा डोक्यावर केशरी साफा तसाच होता. अंधारात बसत ते म्हणाले, "चला, आता हलणार नाहीत." त्यांच्या साफ्याचं लोंबतं टोक माझ्या नाकाला लागत होतं आणि मला शिंक येत होती. ती मी गिळली.

गंमत अशी, की या माणसाचं घर खातीपुऱ्याला, रेल्वेच्या रुळाला अगदी लागून. मी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मालगाडी गेली की कपाटातली भांडी वाजतात म्हणे. विद्यापीठाच्या वसाहतीत चांगलं शांत घर मिळत असताना सरांनी ते नाकारलं होतं. राठौड़जी म्हणायचे, "दिनभर कंपन से लड़ते हैं, रात को उसी पर सोते हैं." सर नुसते हसायचे.

आणि दुसरी गंमत फोनची. खोलीत शिरण्याआधी फोन बाहेरच्या स्टुलावरच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा, हा नियम. माझा फोन त्या डब्यात चिवड्याच्या वासात दिवस काढायचा. सरांचा फोनही सकाळी डब्यातच असायचा. पण दुपारी बारा-साडेबाराला सर हळूच तो उचलायचे, आत न्यायचे आणि यंत्रावर टाकलेल्या काळ्या कापडाखाली सरकवायचे. यंत्राच्या नमुन्याच्या कप्प्याचं झाकण कधीच मोडलं होतं, म्हणून कप्पा, आरसे, भिंगं, सगळ्यावर मिळून हे एक जाड कापड. त्याच्याच आत एक वीजजोडणीचा बोर्ड होता. फोनची बॅटरी इतकी म्हातारी, की दुपारपर्यंत ती संपत येई आणि मग तो चार्जरला लावूनच ठेवावा लागे. दर मोजणी संपली की सर जुन्या काळच्या फोटोग्राफरसारखे कापडात डोकं घालायचे आणि बाहेर यायचे. त्यांना वाटायचं, मला वाटतं की ते काच बघतात. पण चार्जरची वायर काय लपते होय.

फोनमध्ये काय बघत असतील यावर विभागात मतं होती. कुणी म्हणे शेअर बाजार, कुणी म्हणे क्रिकेट. राठौड़जींचा होरा शेअर बाजाराकडे होता. मला कशाचंच काही नव्हतं. मला फक्त राग यायचा, की माझा फोन डब्यात आणि यांचा गादीवर. माझी मुलगी शाळेतून घरी पोचली का, हे मला संध्याकाळपर्यंत कळायचं नाही.

आणखी एक नियम सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. कामाचा क्रम. कण नसलेली कोरी काच सकाळी मोजायची आणि लाल काच दुपारी. सरांचं म्हणणं, सकाळी लेसर अंग धरत नाही, तेव्हा त्या वेळात कोरी काच उरकून घ्यावी. दुपारी लेसर स्थिर झाला की लाल. कोऱ्या काचेत उंचवटा नाही आणि लाल काचेत आहे, म्हणजे तो कणांचाच. निबंधाचा सगळा डोलारा एवढ्यावर उभा होता, आणि तो भक्कम वाटत होता.

निबंध परत आला. नामंजूर नव्हे, पण परीक्षकांपैकी एकानं फार सभ्य भाषेत लिहिलं होतं, की आम्ही तशीच काच मोजून पाहिली, आम्हाला उंचवटा दिसला नाही. नमुना अतिशय थंड करून पुन्हा मोजावा. थंडीत थरथर नीटस होते, शिखरं टोकदार होतात. तेव्हा उंचवटा खरा असेल तर लपणार नाही.

सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्यांच्याकडे कोणीतरी हललं असणार," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप अर्धाच प्यायला.

द्रवरूप नायट्रोजन मागवायचा म्हणजे अर्ज, सही, पुन्हा अर्ज. तो मिळायला निवृत्तीचा आठवडा उजाडला. ज्या दिवशी नायट्रोजन आला त्या दिवशी मी डब्यात फोन ठेवायला गेले तर सर आत दिवा लावून टेबल पुसत होते, स्वतः. खूप प्रसन्न होते. "आज घरी माझी मेव्हणी आलीय, चिपळुणाहून. कुंदा. मतलब, आज मी निवांत." मेव्हणी आली की माणूस निवांत कसा होतो ते मला कळेना, पण विचारलं नाही. उकडत होतं.

नायट्रोजनचं भांडं दिसायला मोठ्या थर्मासासारखं. ते नेमकं माझ्या स्टुलाच्या जागी ठेवावं लागलं, म्हणून माझं स्टूल टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेलं. सकाळी कोरी काच झाली. दुपारी लाल काच थंड कप्प्यात बसवली. पांढरी वाफ जमिनीवर लोळायला लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत माझ्या पायाला गार लागलं. सरांनी दिवा घालवला. त्या दिवशी दुपार झाली तरी त्यांचा फोन डब्यातच होता, हे माझ्या लक्षात आलं. मनात म्हटलं, आज बाजार बंद असेल.

रेघ उमटली. शिखर असं सुरेख टोकदार आलं, की मलासुद्धा छान वाटलं. डाव्या अंगाला काही नव्हतं. सपाट.

"कोण हललं?"

"कोणी नाही, सर."

पुन्हा मोजलं. सपाट. लेसर थोडा वाढवला, काच किंचित सरकवली, पुन्हा मोजलं. थंडीनं सगळं लख्ख दिसत होतं आणि तो उंचवटा कुठेच नव्हता. सरांनी प्रश्न विचारायचं सोडून दिलं. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. मला इतकी वर्षं कंटाळा आणणाऱ्या त्या माणसाची त्या क्षणी फार दया आली. मी म्हटलं, "सर, पाणी पिऊन येऊ या."

बाहेर आलो. सरांनी सवयीनं डबा उघडून फोन पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कुंदा शेजारच्या बाईंबरोबर आमेरचा किल्ला बघायला गेली. या उन्हात." ते पाणी प्यायचे राहिले. फोन घेऊन तडक आत गेले, कापड उचललं, चार्जर लावला, बोर्डाचं बटण दाबलं, फोन उलटा ठेवला. मी मागोमाग गेले. नायट्रोजन उडून चालला होता, तेव्हा आणखी एकदा मोजू म्हणाले.

रेघ उमटायला लागली. शिखर आलं. आणि त्याच्या डाव्या अंगाला, शिखर टोकदार झाल्यामुळे आणखीच उठून दिसणारा, उंचवटा.

"आला," सर म्हणाले. अगदी हळू. "जाधवबाई, आला."

मी पडद्याकडे बघत नव्हते. स्टूल नव्या जागी असल्यामुळे मला कापडाची दुसरी कड दिसत होती आणि त्या कडेच्या फटीतून एक नारिंगी ठिपका. बोर्डाचं बटण चालू असलं की पेटतो ना, तो बारका दिवा. वाटाण्याएवढा. थंड कप्प्याच्या खिडकीकडे तोंड करून मजेत पेटला होता.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. निबंध छापून आला असता, सर आनंदानं घरी गेले असते, मी सहाच्या बसनं क्वार्टरवर गेले असते. पण साताऱ्याच्या कॉलेजात आमच्या बाईंनी एक गोष्ट अंगात मुरवली होती, की शंका आली की हात आधी, तोंड मागून. मी म्हटलं, "सर, तो बोर्ड एक मिनिट बंद करू?"

"नको नको. फोन बंद पडेल." सर चपापले. मग बहुधा अंधार होता म्हणून बोलले. "ही घरी एकटी आहे. हिला ऐकू येत नाही. मतलब, तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही कान गेले. फोनवर बोलता येत नाही, लिहिते ती. काही झालं तर लिहील आणि मी बघितलं नाही तर?"

शेअर बाजार, क्रिकेट, सगळं माझ्या डोक्यातून सरकत गेलं आणि मला लाजल्यासारखं झालं. मग मी कापडाखाली हात घातला आणि अंगठ्यानं तो नारिंगी ठिपका झाकला.

पडद्यावर पुढची रेघ उमटली. उंचवटा नव्हता.

अंगठा काढला. उंचवटा आला.

"पुन्हा," सर म्हणाले.

मी पुन्हा झाकला. गेला. काढला. आला. "पुन्हा." असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी माझा अंगठा दुखायला लागला. मग सरांनी स्वतः उठून लाल काच काढली, कोरी काच घातली आणि दिवा तसाच ठेवून मोजलं. कोऱ्या काचेतही उंचवटा आला, ऐटीत.

"निऑन," सर म्हणाले. "या दिव्यात निऑन असतो. त्याची एक हिरवी रेघ नेमकी इथेच पडते." मग ते खुर्चीत टेकले आणि एकदम म्हणाले, "सकाळी रुक्मा असते."

"कोण रुक्मा?"

"आमच्याकडे कामाला येते. बारापर्यंत असते. तोवर मी फोन बघत नाही. रुक्मा गेली की ही एकटी." ते मला सांगत नव्हते, हिशोब जुळवत होते. "मतलब, कोऱ्या काचेच्या वेळी दिवा नाही. लाल काचेच्या वेळी दिवा. हिचे कान गेले त्याच साली उंचवटा आला. त्याच साली आपली भट्टी जळली. मी म्हटलं, मुरलीपुऱ्याच्या भट्टीचा गुण."

मला वाटलं आता त्यांना रडू येणार. मला आलं होतं. पण सर हसले. दमलेलं, फुसकं हसू. त्यांनी उठून ट्यूबलाइट लावली आणि मग पंखा लावला. त्या खोलीतला पंखा खरंच फिरतो, हे मला तेव्हा कळलं. धुळीचा एक गोळा खाली पडला आणि आम्ही दोघं वाऱ्याखाली बसून राहिलो.

संध्याकाळी राठौड़जी दारात आले. हकिगत ऐकून म्हणाले, "अरे, तो चुपचाप वापस ले लीजिए. वजह किसी को क्या बतानी." सर म्हणाले, "जिन्होंने देखा नहीं था, उनको बताना पड़ेगा. वे बेचारे अब तक अपनी मशीन को कोस रहे होंगे." मग त्यांनी मला शेजारी बसवून परीक्षकांना पत्र लिहवून घेतलं, की आपलं बरोबर होतं, तो प्रकाश आमच्याच खोलीतला होता. दिवा तिथे का होता, या ठिकाणी सर अडले. बराच विचार करून त्यांनी "घरगुती कारणाने" असं सांगितलं. त्याचं इंग्रजी आम्हाला दोघांनाही धड जमलं नाही.

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, पुन्हा एक साफा. माइक खरखरत होता, तेव्हा सरांनी खाली बघून सवयीनं पहिल्या रांगेला विचारलं, कोण हललं. सगळे हसले. मी हसले नाही, मला त्या दिवसापासून नीट झोप लागली नव्हती. मला राहून राहून वाटत होतं, की मी अंगठा ठेवला नसता तर.

पुढच्या रविवारी दुपारी मी आणि आमचे हे खातीपुऱ्याला गेलो. सरांची लाल काच तळघरातच राहिली होती, ती द्यायची होती. शिवाय आमची बदली आली होती, या वेळी आसामात. निरोपही घ्यायचा होता.

घर खरंच रुळाला चिकटलेलं. दाराची बेल दाबली तर आत आवाज झालाच नाही, खोलीभर दिवे लुकलुकले. काकूंनी दार उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. ऐकू येत नसलेल्या माणसासारखा त्यांचा आवाज एकसुरी आणि मोठा होता. "तुम्ही अंगठेवाल्या का गो?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. "यांचा उंचवटा माझ्यापायी गेला म्हणे. एवढा लेख लिहिलान, फुकट."

सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, त्यांना ओठ दिसतील असे, आणि सावकाश म्हणाले, "आलाही तुझ्यापायीच होता. मतलब, फिटंफाट."

काकूंनी "काहीतरीच" म्हणून हात उडवला आणि चहा टाकायला गेल्या. आमच्या ह्यांनी फौजी पद्धतीनं सरळ विचारलं, "सर, तुम्हाला आवाज सहन होत नाही आणि घर हे असं?" सर म्हणाले, "वसाहतीतलं घर दाखवायला नेलं होतं हिला. तिथे जमिनीवर अनवाणी उभी राहिली आणि म्हणाली, इथे काहीच नाही. इथे मला कळणार कसं की जग चालू आहे?" एवढं बोलून ते लाल काच बशीत ठेवून तिच्याकडे बघत बसले.

चहा आला. काकू खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी डावा तळवा टेबलावर पसरून ठेवला. सहज, आपण पदर सावरतो तसा. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं, तरी त्या एकदम गप्प झाल्या. मग बशीतली काच किणकिणायला लागली. कप, चमचे, कपाटातली भांडी. माझ्या खुर्चीच्या पायातून ते माझ्याही अंगात चढलं. सर पुढे वाकले, काकूंच्या डोळ्यांसमोर बोट हलवलं आणि ओठ नीट उघडून विचारलं, "कोण हललं?"

काकूंनी डोळे मिटले. तळवा तसाच.

"मालगाडी," त्या म्हणाल्या. "रिकामी आहे."

सर उठून खिडकीशी गेले. गाडी जाईपर्यंत तिथेच उभे राहिले, डबा न् डबा बघत. मग परत येऊन त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "रिकामीच होती."